केकच्या टीनचा चिकटपणा सोडा-व्हिनेगरनं का जात नाही?

तुम्ही विचारलं की केकचे टीन अन् ओटीजीचा ट्रे पिवळट चिकट झालेत, खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस मस्त येतो पण चिकटपणा जसाच्या तसा. नागपुरात घरून केकच्या ऑर्डरी घेते म्हणून हे काम माझ्या रोजचंच आहे.

फेसावर जाऊ नका. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकत्र आले की एकमेकांना मारतात, गॅस उडून जातो अन् खाली उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्यानं तेलकट काय निघणार? वापरायचंच असेल तर वेगवेगळं वापरा.

अन् तो थर आता तेल राहिलेलाच नाही ना. पातळ तेल 180-200 डिग्रीवर परत परत तापलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वार्निशसारखं, म्हणून साध्या साबणाला दाद देत नाही. आपल्याकडचं सोयाबीन तेल यात फार पुढे, तुपाचं त्यामानानं कमी होतं. स्प्रेवाल्या तेलात लेसिथिन असतं, ते तर अजून चिकट बसतं.

आता आधी फ्रिजवरचं मॅग्नेट टीनला लावून बघा. हे नक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चिकटलं आणि कोटिंग नसेल, म्हणजे लोखंडी ट्रे, तर धुण्याचा सोडा आणा, खायचा नाही, कपड्यांचा, किराणा दुकानात मिळतो. एक लिटर कडक गरम पाण्यात दोन चमचे, ट्रे बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी थर मऊ पडलेला असतो, घासणीनं निघतो. हातात ग्लोव्ज घाला, तो सोडा कातडी सोलून काढतो. धुतल्यावर लगेच पुसून कोमट ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर गंज धरतो. काचेच्या भांड्यालाही हेच चालतं, फक्त काच थंडी असताना एकदम उकळतं पाणी ओतू नका.

मॅग्नेट नाही चिकटलं तर टीन बहुतेक ॲल्युमिनियमचा आहे, आणि तिथे धुण्याचा सोडा अजिबात नको, तो धातूच खातो, टीन काळा पडून खड्डे पडतात. त्याला गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, मग खायच्या सोड्याची पेस्ट लावून थोडा वेळ ठेवा आणि नायलॉनच्या स्क्रबरनं घासा, वेळ लागतो बावा, पण होतं. आधीच काळा पडला असेल तर पाण्यात लिंबाची सालं किंवा चिंच टाकून उकळा, उजळतो. नॉनस्टिकला फक्त गरम पाणी अन् मऊ स्पंज, तारेची घासणी जवळही आणू नका.

अन् संत्र्याची साल! सीझनमध्ये घरोघरी ढीग पडलेला असतो. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते ताजा चिकटपणा खरंच सोडवतं, टीनवरच्या स्टिकरचा गोंद पण. जुन्या जळक्या थरावर मात्र काही चालत नाही त्याचं, उगाच घासत बसू नका.

बाहेरून तपकिरी झालेले टीन मी तर तसेच ठेवते, केकला ते लागत नाही. गडद टीन उष्णता जास्त घेतो म्हणून कडा लवकर भाजतात, तेवढं 10 डिग्री कमी करा. आतून बटर पेपर लावत जा, बाजूंना तूप-मैदा.