कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू रात्री रडतंय? आधी एवढंच करा

घाबरू नका, पिल्लू हट्टी नाही. आईच्या आणि भावंडांच्या उबेतून ते नुकतंच सुटलंय, शिवाय या वयात लघवी रात्रभर धरवत नाही. दोन-तीन तास, फार तर चार.

म्हणून पहिला आठवडा त्याला बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात कोंडू नका. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला की पोचेल इतकं जवळ ठेवा. पुढे रोज थोडं थोडं दाराकडे सरकवता येतं.

शेवटचं जेवण झोपायच्या तीन तास आधी द्या. पाणी मात्र तोडू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. दिवे मालवण्याआधी लघवीला न्या आणि पहाटे दोन-अडीचचा गजर लावा. तेव्हा मंद उजेडात न्यायचं, गप्पा नाहीत, खेळ नाही, झालं की परत अंथरुणात. कुंईकुंई ऐकून चेंडू काढलात, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बोलावणं येणारच! ओरडूही नका, भीतीने ते आणखी जागतं.

सारखं खाजवत असेल तर कानाच्या आत आणि पंजाच्या बोटांमध्ये गोचीड बघा.

माणसांची झोपेची किंवा दुखण्याची गोळी अजिबात नाही, पॅरासिटामॉलही नाही. पोट फुगलंय, उलटीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

क्रेटची, म्हणजे पिंजऱ्यात झोपायची सवय वगैरे नंतर बघू.