अंबडच्या कारखान्यात बारा डिस्कचा रॅकमाउंट नॅस बसवताना आणि नंतर सांभाळताना काय काळजी घ्यावी?

इतर वाचकांसाठी प्रश्नाचा सारांश: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसीचा (संगणकाने चालणाऱ्या मशीनचा) छोटा कारखाना आहे, शॉपच्या वर पोटमाळ्यावर ऑफिस आहे. ड्रॉइंग आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवायला २ यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं एकक, साधारण ४४ मिमी) उंचीचा, १२ डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घेतलाय. भिंतीवर ९ यूचा जुना रॅक आहे आणि विक्रेता म्हणतोय की त्यातच ट्रे टाकून ठेवून देऊ.

ट्रे टाकू देऊ नका. १२ डिस्कचा रिकामा नॅस साधारण १४ ते १६ किलोचा असतो. ३.५ इंची एक डिस्क सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे १२ डिस्कचे आणखी ८ किलो. रेल (ज्यांवर नॅस रॅकमध्ये आतबाहेर सरकतो त्या पट्ट्या) धरून २५ किलोच्या आसपास वजन जातं. भिंतीवरच्या रॅकमधला ट्रे फक्त पुढच्या दोन पट्ट्यांना स्क्रूने लटकलेला असतो. एवढं वजन त्यावर दिलं की तो मागे झुकतो, आणि खाली मशीन चालू असताना पोटमाळ्याला बसणारा प्रत्येक हादरा थेट डिस्कपर्यंत पोचतो. शिवाय खोली पुरत नाही. भिंतीवरचे रॅक ४५० ते ६०० मिमी खोल असतात, तर असे नॅस साधारण ५०० ते ७५० मिमी. मागे प्लग आणि गरम हवेसाठी आणखी किमान १५० मिमी लागतात. जमिनीवर उभा राहणारा, चार उभ्या पट्ट्यांचा, १००० मिमी खोलीचा रॅक घ्या. उंची २२ यू किंवा २७ यू पुरेल. ४२ यू घेतलात तर तो जवळजवळ २ मीटर उंच असतो, पोटमाळ्याचं छत आधी मोजा.

जागा ठरवताना आधी वर बघा. स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटखाली रॅक कधीही ठेवू नका. ड्रेनचा पाइप तुंबला की पाणी सरळ रॅकच्या छतावर पडतं, आणि रॅकच्या छतात पंख्यांची भोकं असतात. पत्र्याच्या जोडाखालची जागाही टाळा, पावसाळ्यात जूनपासून तिथून गळती ठरलेली. खाली १०० मिमीचा विटांचा किंवा लोखंडी चौथरा करा, म्हणजे लादी पुसतानाचं पाणी आत जाणार नाही. पुढे १ मीटर आणि मागे ६०० मिमी मोकळी जागा सोडा. मागची जागा वाचवायला लोक रॅक भिंतीला चिकटवतात आणि मग पॉवर सप्लाय बदलायला अख्खा रॅक ओढावा लागतो. चाकांवर रॅक कायमचा उभा ठेवू नका. लेव्हलिंगचे पाय खाली घेऊन स्पिरिट लेव्हलने समतल करा. पोटमाळ्यावर रॅक मधोमध नको, खालच्या बीमच्या वर येऊ द्या.

आता बसवणं. रेल विकत घेण्याआधी रॅकच्या पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांमधलं अंतर टेपने मोजा आणि रेलच्या माहितीपत्रकातल्या किमान-कमाल आकड्यांशी ताडून बघा. प्रत्येक यूमध्ये तीन भोकं असतात. यूच्या आतली भोकं १५.९ मिमी अंतरावर आणि दोन यूंच्या सीमेवरची भोकं १२.७ मिमी अंतरावर असतात. म्हणजे जवळजवळची दोन भोकं दिसली की त्यांच्या मधोमध सीमा. डावी आणि उजवी रेल एका भोकाने वरखाली बसली की नॅस तिरका अडकतो, आणि लोक तो जोर लावून ढकलतात. चौकोनी भोकात एम ६चे केज नट (भोकात अडकणारे, पिंजऱ्यातले नट) बसवायला त्याचं हत्यार वापरा, स्क्रू ड्रायव्हर सटकला की बोट फाटतं.

सगळ्यात जड वस्तू तळाला: यूपीएस आणि त्याची बॅटरी सगळ्यात खाली, त्यावर नॅस, वर स्विच आणि पॅच पॅनल (नेटवर्कच्या वायरी येऊन जोडल्या जातात ती पट्टी). नॅस उचलण्याआधी सगळ्या डिस्क बाहेर काढा. ट्रेवर १ ते १२ नंबर टाका आणि प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक ट्रेच्या पुढच्या बाजूला लिहा. हे लेबल दोन वर्षांनी चुकीची डिस्क ओढण्यापासून वाचवतं. रिकामा नॅस दोघांनी दोन बाजूंनी धरून रेलमध्ये सरकवा, पुढचे स्क्रू आवळा, मगच डिस्क घाला. एका वेळी एकच उपकरण रेलवर बाहेर ओढायचं. दोन ओढली की रॅक पुढे कलंडतो. रॅक जमिनीला किंवा भिंतीला अँकरने बांधलात तर हा धोका उरत नाही. रिकाम्या यूंना ब्लँकिंग पट्ट्या लावा, नाहीतर मागची गरम हवा त्याच फटींतून पुढे येते.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कारखान्यातल्या नॅसचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि रॅकजवळच्या सॉकेटमध्ये, खाली मशीन पूर्ण लोडवर चालू असताना, तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं माप २-३ व्होल्टच्या आत हवं. ते १० किंवा १५ व्होल्ट दाखवत असेल तर न्यूट्रल सैल आहे, लोड विषम आहे किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. नाशकात एप्रिल-मे मध्ये खड्डे कोरडे पडतात, त्यामुळे पावसाळ्यात घेतलेलं माप उन्हाळ्यात खरं राहत नाही. अर्थचा रोध मे महिन्यात अर्थ टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या आत ठेवा. वेल्डिंग मशीन आणि सर्वो ड्राइव्ह ज्या फीडरवर आहेत, त्यावरून रॅकला पुरवठा घेऊ नका. मेन पॅनलपासून स्वतंत्र एमसीबीची लाइन ओढा आणि पॅनलला सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (विजेचा अचानक येणारा जादा दाब अडवणारं उपकरण) बसवा. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात ते कामी येतं, पण अर्थिंग चांगलं असेल तरच. रॅकची चौकट, दारं आणि बाजूचे पत्रे हिरव्या-पिवळ्या ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरने अर्थ बारला जोडा. रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू आवळून अर्थ होत नाही, रंग खरवडून खालचा धातू उघडा करावा लागतो.

तुमच्याकडे डीजी सेट (डिझेल जनरेटर) असेल तर यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच (सतत स्वतः वीज तयार करून देणारा) घ्या. लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसला (मेन्सची वीज पुढे देणारा आणि ती बिघडली की बॅटरीवर जाणारा) जनरेटरची वरखाली होणारी फ्रिक्वेन्सी पटत नाही. तो पुन्हा पुन्हा बॅटरीवर जातो, आणि जनरेटर चालू असतानाच बॅटरी संपून नॅस बंद पडतो. नॅसला दोन पॉवर सप्लाय असतील तर एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या, सर्ज संरक्षण असलेल्या लाइनवर द्या. दोन्ही एकाच यूपीएसवर टाकले तर यूपीएस बिघडल्यावर दोन्ही एकदम जातात. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडून आपोआप शटडाउन चालू करा. तो "बॅटरी लो" संदेशावर अवलंबून ठेवू नका, "बॅटरीवर ५ मिनिटं झाली की बंद" असा ठेवा. जुनी बॅटरी २० टक्के दाखवत असतानाच बसते आणि तेव्हा तो संदेश यायला वेळच उरत नाही. संदेश नेटवर्कवरून जाणार असेल तर मधला स्विचही यूपीएसवर हवा. हे फार जण विसरतात.

पोटमाळ्याच्या उकाड्यात यूपीएसची सीलबंद बॅटरी लवकर जाते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तीन वर्षांत बदलायचीच असं बजेटमध्ये धरून चला. दर सहा महिन्यांनी, बॅकअप झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी मेन्स काढून बघा: नॅस स्वतः नीट बंद होतो का आणि वीज आल्यावर स्वतः सुरू होतो का.

उष्णतेबाबत चुकीचा प्रश्न विचारला जातो. लोक विचारतात, किती टनाचा एसी लावू? नॅस, स्विच आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मिळून ४००-५०० वॅट होतात, आणि १ टनाचा एसी ३५०० वॅट उष्णता खेचतो, त्यामुळे क्षमता भरपूर आहे. खरी अडचण सुट्टीच्या दिवशी येते. ऑफिसचा एसी बंद, शटर बंद, वर पत्रा, बाहेर मे मधले ४० अंश, आणि सीसीटीव्हीसाठी नॅस मात्र चोवीस तास चालू. अनेक रॅकमाउंट नॅसना भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच चालते. म्हणून रॅकसाठी काचेची किंवा प्लायची छोटी बंद खोली करा, पत्र्याखाली फॉल्स सीलिंग आणि इन्सुलेशन घ्या, आणि थर्मोस्टॅटवर चालणारा एक्झॉस्ट पंखा लावा. तो एसी बंद असतानाही चालेल; खोली बाहेरच्या हवेपेक्षा थंड करणार नाही, पण आत साचणारी उष्णता काढेल, आणि त्याची आत येणारी हवा शॉपच्या बाजूने न घेता बाहेरून, जाळीतून घ्या. नॅसमध्ये डिस्कचं तापमान ४५ अंशांना सूचना आणि ५५ अंशांना शटडाउन असं ठेवा. तुम्ही निवडलेल्या डिस्कची कमाल मर्यादा तिच्या पत्रकात बघून हे आकडे थोडे वरखाली करा.

धूळ हा सीएनसीवाल्यांचा वेगळा त्रास. कूलंटचा धूर तेलकट असतो, तो फॅनच्या पात्यांवर बसतो आणि त्यावर लोखंडाचा बारीक कीस चिकटतो. हा कीस वीज वाहून नेतो. साफसफाईला शॉपमधली कॉम्प्रेसरची गन आणू नका, ती हाताशी असते म्हणून हमखास आणली जाते. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि जोराने फिरवलेल्या फॅनच्या बेअरिंग खराब होतात. व्हॅक्यूम क्लीनर बाहेरून फिल्टरवर चालवा, आतल्या बोर्डजवळ मऊ ब्रश वापरा, फॅन बोटाने धरून ठेवा. फोमचा फिल्टर पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. दोन फिल्टर ठेवले की अदलाबदल करता येते. आत हात घालण्याआधी वीज काढा आणि अँटिस्टॅटिक पट्टा रॅकच्या चौकटीला जोडा. हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा हे विशेष पाळा.

डिस्क घेताना पत्रकात ती किती बेच्या (डिस्कच्या खणांच्या) नॅससाठी आहे ते बघा. साध्या नॅस डिस्क बऱ्याचदा ८ बेपर्यंतच असतात, १२ डिस्कचा एकत्रित थरथराट त्यांना सोसत नाही. एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क घेऊ नका, रीबिल्ड करताना (बदललेल्या डिस्कमध्ये डेटा परत भरताना) ती रेंगाळते आणि कधी कधी ॲरेमधून (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटातून) बाहेर फेकली जाते. सीएमआरच (ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी) मागा, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. शक्य असेल तर सहा-सहा डिस्क दोन वेगळ्या बॅचमधून घ्या, म्हणजे एका बॅचमधला दोष एकदम सगळीकडे येत नाही.

रेड ६ लावा (रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा करण्याची पद्धत). ८ टीबीच्या १२ डिस्क असतील तर ८० टीबी वापरायला मिळतात आणि दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड ५ (एकच डिस्क गेली तर चालणारी) इतक्या डिस्कवर धोक्याचं आहे. ८ टीबीची एक डिस्क परत भरायला, सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरली तरी, किमान १५ तास लागतात. रेकॉर्डिंग चालू असताना एक-दोन दिवस जातात, आणि त्या वेळात उरलेल्या ११ डिस्कवर सर्वांत जास्त ताण असतो. म्हणून एक नवी डिस्क कपाटात तयार ठेवा.

डिस्क बदलताना नॅसच्या पडद्यावरचा सीरियल नंबर आणि ट्रेवरचे चार अंक दोघांनी मोठ्याने वाचून जुळवा. ट्रे अर्धा बाहेर काढून अर्धा मिनिट थांबा, फिरणारी डिस्क हलवली तर हेड पृष्ठभागावर आदळतं. मग पूर्ण काढा. दर आठवड्याला छोटी स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःचीच घेतलेली तपासणी), महिन्याला मोठी, आणि महिन्या-दोन महिन्यांत एकदा डेटा स्क्रबिंग (साठवलेला डेटा वाचून ताडून बघणं), हे तिन्ही रात्रीचे लावा. स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ क्रमांकांचे (खराब सेक्टरचे) आकडे शून्यावरून वाढू लागले तर डिस्क बदलायची तयारी करा. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीत असतो: डिस्क काढून परत घट्ट बसवा, आणि दुसऱ्या बेमध्ये घालून आकडा थांबतो का ते बघा. नवी डिस्क मागवण्याची घाई इथे करू नका.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. दोन गिगाबिट पोर्ट एकत्र केले तरी एका संगणकाला साधारण ११० एमबी प्रति सेकंदापेक्षा जास्त मिळत नाही. ड्रॉइंग हळू उघडतात अशी तक्रार असेल तर १० गिगाबिटचा विचार करा. वायरी व्हेल्क्रोने बांधा. नायलॉनचे टाय आवळले की केबल दबते आणि बदलताना टाय कापायला गेलं की शेजारची वायर कापली जाते. केबल जिथून रॅकमध्ये येते तिथे ब्रशची पट्टी लावा, उंदीर त्याच भोकातून येतात.

रेडने आग, चोरी, व्हायरस किंवा चुकून पुसलेली फाइल यांपासून संरक्षण मिळत नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणी व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस कुलूपबंद केले होते. राउटरवर नॅससाठी पोर्ट उघडू नका, बाहेरून हवंच असेल तर व्हीपीएन वापरा. स्नॅपशॉट (ठरावीक वेळी जपून ठेवलेली फाइलींची स्थिती) चालू ठेवा. ड्रॉइंगची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आठवड्याला घेऊन ती घरी किंवा दुसऱ्या युनिटमध्ये ठेवा, आणि तिमाहीला त्यातली एखादी फाइल खरंच उघडून बघा. सीसीटीव्हीला एवढं करायची गरज नाही.

रॅकजवळ सीओटू किंवा क्लीन एजंटचा अग्निशामक टांगा. एबीसी पावडरचा सिलिंडर आग विझवेल, पण ती पावडर ओल धरून बोर्ड गंजवते आणि वाचलेला नॅसही हातचा जातो.

नॅसचं पूर्ण मॉडेल, पोटमाळ्याचं छत किती उंच आहे आणि मशीन चालू असतानाचं न्यूट्रल-अर्थचं माप इथे लिहा. कोणती रेल आणि किती व्हीएचा यूपीएस घ्यायचा ते त्यावरून सांगतो. तोपर्यंत डिस्क खोक्यातच ठेवा.