महिन्यातून एकदा विमानाने बेळगावला घरी आल्यास कार्बन फूटप्रिंटमध्ये कितपत फरक पडतो? झाडे लावून त्याची भरपाई होते का?

फरक पडतो, आणि तो बराच मोठा असतो. बंगळूर ते सांबरा (बेळगावचा विमानतळ) हे हवाई अंतर साधारण ४५० किलोमीटर आहे आणि एका खेपेत प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला ढोबळमानाने ६० किलो कार्बन डायऑक्साइड येतो. दरमहा जाऊन-येऊन केल्यास वर्षाचे १.४ टन होतात. भारतात माणशी वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे.

हा हिशेब मला मांडावा लागला तो धाकट्या भावामुळे. तो बंगळूरला नोकरीस असून जवळजवळ दर महिन्याला विमानाने येतो. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला खानापूर तालुक्यातील आमच्या घरी आला असताना न्हाणीघरातील धूर पाहून, पाहुण्यांदेखत, तो आईला म्हणाला की तुझ्या बंबामुळे पृथ्वी तापते आहे. आई काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने बंब पेटवला नाही आणि भाद्रपदातल्या खानापूरच्या पावसात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ती थंड पाण्याने न्हाली. ते मला आजही सहन होत नाही.

घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो गॅस जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आमच्या घरी वर्षाला नऊ सिलिंडर लागतात, म्हणजे पाच माणसांचा वर्षभराचा स्वयंपाक पावणेचारशे किलोंत होतो, आणि भावाच्या जाण्या-येण्याच्या तीन खेपांत जवळपास तेवढेच उत्सर्जन होते. बंबात जळतात त्या काजूच्या वाळक्या फांद्या आणि नारळाच्या झावळ्या. त्यांतला कार्बन झाडाने चार-पाच वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो आणि नव्या फांद्या तो पुन्हा घेतात. विमानाचे इंधन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन वर काढते, आणि एक किलो जळाले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. शिवाय उड्डाण करून उंची गाठण्यातच पुष्कळ इंधन खर्ची पडत असल्याने आपल्यासारखा तासाभराचा प्रवास दर किलोमीटरमागे लांबच्या प्रवासाहून महाग पडतो.

झाडे अवश्य लावावीत, पण रोपाला वाढायला वीस-तीस वर्षे लागतात आणि धूर आजच वर गेलेला असतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने एक रात्र झोपून प्रवास करावा. मी अठरा वर्षे तसाच करतो. आणि घरी आल्यावर आईच्या न्हाणीघराबद्दल बोलू नये.

विमान कोणते आणि किती भरलेले आहे यावर वरचे आकडे बदलतात. एटीआरसारखे पंख्याचे छोटे विमान जेटपेक्षा कमी इंधन घेते. बंबाचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट, हेही खरेच आहे. गेल्या वर्षी आईला रात्री अचानक रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा भाऊ मिळेल त्या पहिल्या विमानाने दुपारपर्यंत तिच्या उशाशी पोहोचला. ती खेप मी या हिशेबात धरलेली नाही.