सकाळचे साडेसहा आणि मिताकाचं तिकीट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी टपालात जपानच्या स्टुडिओ जिब्ली या अ‍ॅनिमेशनपट काढणाऱ्या कंपनीबद्दलचे प्रश्न इतके आले की सगळा अंक त्यांनाच द्यावा लागला असता. त्यातले सात निवडले आहेत. (घिब्ली की जिब्ली, असं दोघातिघांनी विचारलं आहे. जपानी माणूस 'जिबुरी' म्हणतो, म्हणून इथे जिब्ली.)

मे महिन्यात आम्ही दोघं टोकियोला जाणार आहोत. जिथे सिनेमे प्रत्यक्ष काढले जातात तो स्टुडिओ आतून बघता येतो का? – नाशिक

नाही. स्टुडिओ टोकियोच्या पश्चिमेला कोगानेइ शहरात, हिगाशी-कोगानेइ स्टेशनजवळ आहे. १९८५मध्ये जिब्ली सुरू झाली आणि १९९२मध्ये या स्वतःच्या इमारतीत आली. ही कामाची जागा आहे. तिथे प्रेक्षकांना प्रवेश नाही, तिकीट नाही, ओळखीपाळखीचा मार्गही नाही. साध्या वस्तीतली गल्ली आहे. फाटकासमोर ताटकळत उभं राहणं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो काढणं शेजाऱ्यांनाही जाचक होतं. तेव्हा ते नकोच.

तुम्हाला जे बघायचं आहे ते टोकियोच्या पश्चिमेलाच असलेल्या मिताका शहरातल्या जिब्ली संग्रहालयात आहे. ते १ ऑक्टोबर २००१ रोजी उघडलं. जिब्लीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी त्याची कल्पना स्वतः मांडली आणि आराखड्यात शेवटपर्यंत लक्ष घातलं. त्यामुळे स्टुडिओच्या बंद दाराची हळहळ फार करू नका.

एक जोड मात्र जरूर द्या. मिताकाच्या पुढचं तिसरं स्टेशन मुसाशी-कोगानेइ. तिथून बसने पाचेक मिनिटांवर कोगानेइ उद्यानात एडो-टोकियो खुलं वास्तुसंग्रहालय आहे. जुनी घरं आणि दुकानं मूळ जागेवरून उचलून इथे पुन्हा उभी केली आहेत. ताकेइ सानशोदो या लेखनसाहित्याच्या दुकानात भिंतभर खणांचे छोटे छोटे ड्रॉवर दिसतील. जिब्लीच्या 'स्पिरिटेड अवे' सिनेमातल्या बॉयलरवाल्या आजोबांची खोली डोळ्यांसमोर येईल; ती इथूनच सुचली. कोदाकारा-यु हे सार्वजनिक स्नानगृहही चुकवू नका. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि जिब्लीचं सहसा मंगळवारी, म्हणून दोन्ही एका दिवसात करायची तर बुधवार ते शुक्रवार धरा. मिताकाहून पुढे जाताना साधी जलद गाडी घ्या. विशेष जलद गाडी मुसाशी-कोगानेइला थांबत नाही आणि तुम्ही थेट कोकुबुंजीला उतरता.

दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिकिटं संपलेली. नक्की काय चुकतंय? – ठाणे

बहुतेक वेळा घड्याळ चुकतं. तिकीट संग्रहालयाच्या दारात मिळत नाही, आगाऊच घ्यावं लागतं. पुढच्या महिन्याची सगळी तिकिटं चालू महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता खुली होतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तुम्हाला १४ मे रोजी जायचं असेल तर १० एप्रिलला सव्वासहाला अंघोळपांघोळ बाजूला ठेवून संगणकासमोर बसायचं. नऊला चहा घेत सावकाश साइट उघडली तर शनिवार-रविवार हमखास गेलेले असतात.

विक्री लॉसन तिकीट या कंपनीकडे आहे. परदेशी पर्यटकांसाठी तिचं इंग्रजी पान वेगळं आहे. जपानी पानाच्या वाटेला जाऊ नका, तिथे जपानी फोन नंबरावर गाडी अडते. पान उघडल्यावर तुम्हाला आभासी रांगेत उभं केलं जातं. रांग हलत नाही म्हणून पान पुन्हा पुन्हा ताजं केलं की नंबर मागे जाण्याचा धोका, तेव्हा हात आवरा.

दुसरी अडचण पैशांच्या टप्प्यावर येते आणि ती आपल्याकडची आहे. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू असतात. परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे असतात. हे ९ तारखेलाच करा आणि मर्यादा किती ठेवली आहे तेही बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड वापरा. ओटीपी येणारा फोन हाताशी ठेवा. तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला असला की तो येईपर्यंत व्यवहाराची मुदत संपते. दुसरं कार्ड जवळ असलेलं बरं.

दर असे: प्रौढांना १००० येन, १३ ते १८ वर्षांना ७००, ७ ते १२ वर्षांना ४००, ४ ते ६ वर्षांना १००. चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा. ज्याच्या नावावर तिकिटं काढली तो माणूस आणि त्याचा मूळ पासपोर्ट दारात हवा. झेरॉक्स नको.

तिकिटावर तारीख आणि तास दोन्ही असतात. २ वाजताचं तिकीट म्हणजे २ ते ३ या वेळात आत शिरायचं. एकदा आत गेलात की बंद होईपर्यंत थांबता येतं, पण बाहेर पडून परत येता येत नाही. तारीख बदलून मिळत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. तरीही व्हिसा हातात यायची वाट बघत १० तारीख घालवू नका. १००० येन म्हणजे साधारण साडेपाचशे-सहाशे रुपये. तेवढी जोखीम पत्करण्यासारखी आहे.

भारतातल्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंतचा आठवडा टाळावा. तो जपानमधला 'गोल्डन वीक' आहे आणि अख्खा देश फिरायला निघालेला असतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोनच्या दिवसांतही तेच.

एक एजंट तेच तिकीट चौपट भावात देतो म्हणतो. घ्यावं का? – कल्याण

घेऊ नका. पुनर्विक्रीला बंदी आहे, नाव तपासतात आणि दारातून परत पाठवलं तर एजंट फोन उचलत नाही. मार्गदर्शकासह संपूर्ण सहल विकणाऱ्या अधिकृत कंपन्यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रवेश त्यांच्याच आरक्षणावर होतो की नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

सोबत सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत. दोघींना झेपेल का? – सोलापूर

झेपेल, वाट मात्र नीट निवडा. शिंजुकूहून चुओ मार्गाच्या गाडीने मिताका विसेक मिनिटांवर आहे. स्टेशनच्या दक्षिण बाजूने बाहेर पडा. तिथून तामागावा कालव्याच्या कडेने झाडांखालून पंधरा मिनिटांची सपाट वाट आहे. सासूबाईंचे पाय दुखत असतील तर त्याच बाजूने संग्रहालयाची बस सुटते, पाच मिनिटांत पोचवते.

आत कोणत्या क्रमाने बघायचं याच्या पाट्या मुद्दाम लावलेल्या नाहीत. 'चला, मिळून हरवू या' हेच संग्रहालयाचं ब्रीद आहे. लहान मुलाला ते फार मानवतं, मोठ्यांची मात्र शोधाशोध होते. म्हणून आत शिरताच चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते ठरवा. सगळ्यात खालच्या मजल्यावरचं मधलं दालन सोयीचं. जिने अरुंद आहेत, त्यातला लोखंडी गोल जिना तर फारच. सासूबाईंसाठी लिफ्ट विचारा. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते.

मुलीची खरी चैन 'माय नेबर टोटोरो' सिनेमातल्या मांजरबसच्या खोलीत. मऊ कापडी मांजरबस, आत शिरा, वर चढा, लोळा. ही खोली फक्त प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे १२ वर्षांपर्यंत. मोठ्यांनी बाहेरून बघत राहायचं. (कित्येक आई-बापांचे चेहरे त्या वेळी मुलांपेक्षा केविलवाणे असतात.) गच्चीवर 'लापुता' सिनेमातला सुमारे पाच मीटर उंचीचा यंत्रमानव उभा आहे. फोटो काढायची मुभा असलेली ही मुख्य जागा; इमारतीच्या आत फोटो बंद. कॅमेऱ्यातून नको, डोळ्यांनी बघा, असं संग्रहालयाचं म्हणणं आहे आणि आम्हाला ते पटतं. गर्दी वाढण्याआधी आधी गच्ची, मग सिनेमा, मग बाकीचं. एकूण अडीच ते तीन तास धरा.

मी उपयोजित कलेचा विद्यार्थी आहे. नुसतं 'किती सुंदर' म्हणून बाहेर पडायचं नाही. काय नीट बघू? – पुणे

तीन गोष्टी. पहिली, सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या दालनातला टोटोरोचा झोएट्रोप. गोल तबकावर एकाच पात्राच्या अनेक मूर्ती, प्रत्येकीची ढब किंचित पुढची. तबक गरगर फिरू लागलं की आधी नुसता रंगांचा चिखल दिसतो. मग प्रकाश लुकलुकू लागतो आणि मूर्ती जागच्या जागी उड्या मारायला लागतात. एक मूर्ती सरकून बरोबर पुढचीच्या जागी आली की दिवा क्षणभर पेटतो. मधल्या वेळात अंधार. डोळ्याला जागा तीच दिसते, ढब बदललेली. लुकलुकण्याचा वेग थोडा चुकला तर अख्खी रांग पुढे किंवा मागे घरंगळताना दिसेल. हे पाच-सहा फेऱ्या थांबून बघा. पहिल्या फेरीत टोटोरो, दुसऱ्या फेरीपासून एकच मूर्ती निवडून तिचेच पाय बघा: उडी सुरू होण्याआधी ती किती दबते आणि वर किती वेळ तरंगते.

दुसरी, 'चित्रपट जन्मतो ती जागा' या नावाच्या खोल्या. टेबलं, पेन्सिलींची थोटकं, रंगांच्या बाटल्या, भिंती भरून रेखाटनं. इथे एकोन्ते, म्हणजे संपूर्ण सिनेमाचा चित्रमय आराखडा, चाळायला ठेवलेला असतो. चित्रांपेक्षा कडेच्या आकड्यांकडे लक्ष द्या. प्रत्येक शॉटपुढे सेकंद आणि फ्रेम लिहिलेल्या असतात. सेकंदाला २४ फ्रेम. पण दरेक फ्रेमला नवं चित्र नसतं. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, तीन फ्रेम धरलं तर ८. जपानी टाइमशीटचा (कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं याच्या तक्त्याचा) एक कागद सहा सेकंदांचा, म्हणजे १४४ ओळींचा. ते समजलं की 'इथे हालचाल अडखळते का' याचं उत्तर चित्रात नाही, ओळींत सापडतं.

तिसरी, सेल. पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर पुढून रेषा, मागून रंग. एकावर एक तीन-चार सेल ठेवले की खालच्याचा रंग वरच्या थरांमुळे मळकट दिसतो, म्हणून खालच्या थराचा तोच रंग मुद्दाम थोडा उजळ घोटावा लागे. हिशेब चुकला की पात्राचा हात थर बदलताच वेगळ्या रंगाचा दिसे. जिब्लीने १९९९च्या 'माय नेबर्स द यामादाज'पासून सगळे रंग संगणकावर भरायला घेतले आणि ही कटकट गेली. रेखाटन मात्र कागदावरच राहिलं.

वही घेऊन जा, पण वाटेत उभं राहून चित्र काढू नका. पाहून घ्या आणि बाहेर इनोकाशिरा उद्यानातल्या बाकावर आठवून काढा. खरेदी करायची असेल तर जिब्लीच्या पार्श्वभूमींसाठी वापरले जाणारे निकर कंपनीचे पोस्टर कलर शिंजुकूच्या सेकाइदो दुकानात मिळतात. बाटल्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात नको. अ‍ॅनिमेशनचा कागद घेतलात तर त्याची खुंट्यांची पट्टीही तिथेच घ्या. आपल्याकडच्या अ‍ॅक्मी पट्टीवर जपानी भोकं बसत नाहीत.

आई माळकरी आहे. संग्रहालयात खायला काही मिळेल का? – पंढरपूर

भरवसा ठेवू नका. आतल्या कॅफेत रांग मोठी, पदार्थ थोडे, आणि जपानमध्ये मांस नाही याचा अर्थ शाकाहारी असा होत नाही. साध्या दिसणाऱ्या सूप-सॉसमध्ये दाशी, म्हणजे चवीसाठी काढलेला अर्क असतो, आणि दाशी बहुधा सुकवलेल्या मासळीच्या किसाची. केकमध्ये अंडं, मूसमध्ये जिलेटिन. घरून दशम्या, चटणी, भाजके शेंगदाणे न्या आणि आत शिरण्याआधी उद्यानात बसून खा. कचराकुंडी शोधून सापडत नाही. उष्टं-खरकटं घालायला एक रिकामी पिशवी जवळ असू द्या.

प्रवेशाच्या वेळी मिळालेला फिल्मचा तुकडा कोकणातल्या हवेत टिकवायचा कसा? वर्षभरातच पांढरे ठिपके आले. – रत्नागिरी

ती बुरशी आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: दारात आपलं आरक्षण दाखवलं की ३५ मिलिमीटर फिल्मच्या तीन फ्रेम बसवलेलं छोटं तिकीट हाती येतं. तेच दाखवून आतल्या शनी चित्रगृहात संग्रहालयासाठीच बनवलेला लघुपट एकदा बघता येतो. फिल्म खऱ्या प्रिंटची असते, म्हणूनच तिला खऱ्या फिल्मचे सगळे रोग होतात.

फिल्मवरचा रंगांचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत बुरशीला तो आयता खाऊ. पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नका, थर फुगून सुटतो. तिकीट आधी दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवून कोरडं करा. मग रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने ठिपके अलगद झाडा, तेही घराबाहेर आणि तोंडाला फडकं बांधून. ज्या ठिपक्यांखाली रंगच खाल्ला गेला आहे ते जाणार नाहीत. घासून पुढचं बिघडवू नका.

नंतर पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात घाला. वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं कालांतराने चिकटतात. लॅमिनेशन तर मुळीच नको, उष्णतेने फिल्म वळते आणि परत काढता येत नाही. डब्यातले सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत घाला. मृगापासून दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला एक नजर पुरे. खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. बघा, पण लगेच काढा. उन्हात रंग उडतात. कायम समोर हवी असेल तर स्कॅनरवर मोठी प्रत काढून ती फ्रेम करा, मूळ तुकडा डब्यात.