बाबांना हंटिंग्टन, मग मला?

प्रश्न: बाबांचे हातपाय आपोआप हलतात, कप बशीत नीट टेकत नाही, चहा सांडतो. रिपोर्टमध्ये हंटिंग्टन (मेंदूचा आनुवंशिक आजार), सीएजी ४४ असं आलंय. मी २७ वर्षांची, लग्नाचं बघतायत. आत्या म्हणते मुलींना होत नाही. खरंय का?

उत्तर: नाही हो ताई, या आजाराचा जीन चौथ्या क्रोमोझोमवर असतो, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या क्रोमोझोमवर नाही, त्यामुळे मुलगा असो की मुलगी, शक्यता ५० टक्केच, आणि समजा भावाला आला म्हणून तुम्ही सुटलात असंही नाही, प्रत्येकाची नाणेफेक वेगळी. १९९३ मध्ये हा जीन सापडला, त्यात सीएजी ही डीएनएची अक्षरं परत परत येतात, ४० किंवा जास्त वेळा आली तर आज ना उद्या आजार होतोच, ३६ ते ३९ असतील तर होईल किंवा नाहीही. वडिलांकडून येताना हा आकडा कधीकधी वाढतो, मग लक्षणं लवकर दिसतात. टेस्ट साधी रक्ताची, पण आधी जेनेटिक काउन्सेलरशी निवांत बोला, कारण आजार मुळापासून थांबवणारं औषध अजून आलेलं नाही. टेस्ट करायची की नाही हे तुम्हीच ठरवा, स्थळाकडच्यांच्या घाईपायी अजिबात नको. आणि बाबांना झाकणाचा, जड बुडाचा मग आणून द्या, चहा त्यांच्या हातानेच पिऊ दे.