‘स्पीडचं जीन नाही’ म्हणून पोराची जागा बदलायची का?

“मॅडम, पोराच्यात स्पीडचं जीनच नाही म्हणे. मग फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळवून काय उपयोग ओ?”

खुर्चीत बसायच्या आधीच वडिलांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. टॉवेल-चादरींचा धंदा, बोलणं रोखठोक. शेजारी आई. दाराजवळच्या स्टुलावर आठवीतला मुलगा बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून मागवलेला रिपोर्ट होता. त्यात एसीटीएन-३ या जीनपुढे ‘एक्सएक्स’ आणि खाली सल्ला: वेगापेक्षा दमाच्या खेळासाठी योग्य. त्यावरून वडिलांनी कोचला सांगितलं, याला मिडफिल्डला, म्हणजे मधल्या फळीत टाका. पोरानं मैदानावर जाणंच सोडलं. तीन आठवडे झाले होते.

असे रिपोर्ट घेऊन हल्ली बरेच पालक येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे जीन झटपट आकसणाऱ्या स्नायूतंतूंसाठी एक प्रथिन बनवतं. त्याच्या एका प्रकाराला ‘एक्स’ म्हणतात (गुणसूत्रातला एक्स वेगळा). ज्यांच्या दोन्ही प्रती या एक्स प्रकारच्या असतात त्यांच्या शरीरात ते प्रथिन बनतच नाही. हा काही आजार नव्हे. जगात साधारण पाचातला एक माणूस असाच आहे. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या अव्वल खेळाडूंच्या अभ्यासात स्प्रिंटरांमध्ये ‘एक्सएक्स’ कमी सापडले, तिथून या जीनचा बोलबाला सुरू झाला. पण माणसा-माणसातल्या धावण्याच्या वेगात जो फरक असतो, त्यातला दोन-तीन टक्केच या जीनच्या वाट्याला येतो. स्पेनचा एक लांब उडीवाला ‘एक्सएक्स’ असूनही ऑलिम्पिकच्या पातळीला पोचला, याची २००७ साली रीतसर नोंद झाली आहे. फुटबॉलमध्ये मिडफिल्डर एका सामन्यात १०-१२ किलोमीटर धावतो, गोलकीपर साधारण निम्मंच, त्यामुळे जागेनुसार जीन शोधण्याचा मोह संशोधकांनाही झाला. निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. २०१५ साली क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट लिहिलं की लहान मुलांची गुणवत्ता हेरायला या चाचण्या वापरूच नयेत.

वडील ऐकत होते, पण पटत नव्हतं. “आमच्याकडं सगळे पळणारे. शाळेत शंभर मीटरला मी कधी दुसरा आलो नाही. हे हिच्या माहेरचं असणार.”

आईनं मान खाली घातली. आणि पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं, “म्हणजे माझ्यात फॉल्ट आईमुळं आलाय?”

गेले तीन आठवडे त्या घरात काय चाललं असेल, ते त्या एका वाक्यात मला दिसलं.

मी कागदावर दोन एक्स काढले. एक आईच्या बाजूला, एक वडिलांच्या. “या जीनची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. याच्याकडे दोन्ही एक्स आहेत, म्हणजे एक तुमच्याकडूनच आलाय.”

वडील कागदाकडे बघत राहिले. “म्हणजे माझ्यात पण हे आहे?”

“निदान एक तरी आहेच. तरी तुम्ही पहिले येत होतात.”

त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर नुसतंच पोराकडे बघून म्हणाले, “पाणी पी.”

मग मी पोराला वर्गातल्या मुलांबद्दल विचारलं. त्याच्या टीममधल्या दोघांना मिशा फुटल्यात, हा अजून पहिल्या बाकावर बसतो. या वयात एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज पडतं. आत्ता तो मागे पडत असेल, तर त्या रिपोर्टच्या आधी हे बघायला हवं. बोलता बोलता तोच म्हणाला, “गॅरेथ बेल पण आधी लेफ्ट बॅक होता, मॅडम. नंतर पुढं आला.” आवाज बदलला होता. फुटबॉल त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं.

जागा कुठली, हे कोचवर आणि त्याच्यावर सोडायचं ठरलं. यंदा तरी त्यानं दोन-तीन जागांवर खेळून बघावं, असं मी सुचवलं. रिपोर्ट वडिलांनी कुणी न सांगताच परत फोल्डरमध्ये ठेवला.

दोन महिन्यांनी आई एकटी आली. तो पार्क मैदानाकडे रोज जातो म्हणाली, सध्या उजव्या विंगला खेळतो. पण घरी आल्यावर गच्चीवर मोबाईलचं स्टॉपवॉच लावून एकटाच पळत बसतो, आकडा कमी नाही आला तर जेवत नाही. पुढच्या शनिवारी मी त्याला एकट्याला बोलावलं आहे.