सर्टिफिकेट भाड्याने देऊ नकोस, दुसरं कर्जही काढू नकोस

ताई, मी बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झाला, अर्धी फी शिष्यवृत्तीत सुटते. बाकीची फी, खोली आणि मेससाठी बँकेचं 4 लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, त्यातले 3 लाख उचलून झाले. वडील सहकर्जदार आहेत, घरी चार एकर कोरडवाहू. पास झालेले सीनियर कंपनीत 14-15 हजारांवर राबतायत. गावाकडचा एक मेडिकलवाला म्हणतो, रजिस्ट्रेशन झालं की सर्टिफिकेट मला दे, महिन्याला 4 हजार घरबसल्या घे आणि पोलीस भरतीची तयारी कर. सर म्हणतात, अजून थोडं कर्ज काढून एम. फार्म कर. मला तर आताच सगळं सोडून द्यावंसं वाटतं. घरी यातलं काहीच बोललेलो नाही. धाकटी बहीण बारावीला आहे, तीही फार्मसीच करायचं म्हणते. काय करू?
– परभणी जिल्ह्यातला एक विद्यार्थी

कॉलेज सोडू नकोस, हे आधी सांगते. आता सोडलंस तर 3 लाखांचं कर्ज तसंच राहील, हप्ते लवकर मागे लागतील आणि हातात ना पदवी असेल ना रजिस्ट्रेशन. पोलीस भरती मनापासून करायची असेल तर ती पदवीनंतरही देता येते.

तुझी शंका मात्र खरी आहे. सीनियरना 15 हजार मिळतात यात त्यांचा नाकर्तेपणा नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2019 मध्ये नवीन कॉलेजांना पाच वर्षांची बंदी घातली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही. मग आपल्याकडे कॉलेजांचं पेवच फुटलं. बाहेर पडणारी मुलं वाढली, नोकऱ्या तेवढ्या वाढल्या नाहीत. बारावीच्या पोराला आणि त्याच्या आईबापाला प्रवेशाच्या वेळी हे कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

आता त्या 4 हजारांचं. घेऊ नकोस. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. तुझं सर्टिफिकेट भिंतीवर आणि तू भरतीच्या मैदानावर, म्हणजे काउंटरवर दुसराच कोणीतरी उभा असणार. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल यांसारखी शेड्यूल एच-1 मधली, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं. ते रजिस्टर तुझ्या नावाच्या भरवशावर चालेल आणि उद्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) औषध निरीक्षक आला की पहिला प्रश्न तुला येईल. राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदणी यादीतून नाव गेलं तर एवढं कर्ज काढून जे मिळवलंस तेच जाईल.

कायदा क्षणभर बाजूला ठेव. संधिवाताच्या पेशंटला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, हे तू फार्माकॉलॉजीत शिकलायस. एखाद्या आजीबाईंनी ती गोळी बीपीच्या गोळीसारखी रोज घेतली तर जिवावर बेततं. चिठ्ठी बघून ‘आजी, ही फक्त रविवारी घ्यायची हं’ असं बजावून सांगणारा आणि पाकिटावर ते लिहून देणारा माणूस म्हणजे फार्मासिस्ट. तुझ्या तालुक्यात त्या जागी बारावी पास पोरगा उभा असेल आणि भिंतीवर तुझं नाव असेल, तर त्या आजींना फसवणाऱ्यांत तूही आलास. आणखी एक गोष्ट बघ. 4 हजारांत सर्टिफिकेट मिळत असेल तर हाडाच्या फार्मासिस्टला पुरता पगार कोणता दुकानदार देईल? तुझ्या सीनियरचा पगार पाडण्यात या भाड्याच्या धंद्याचाही हात आहे.

कर्जाची मात्र नीट मांडणी करू, कारण घाबरून तू आकडेच पाहिलेले दिसत नाहीस. व्याज 10 टक्के आणि दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख उचल धरू. चार वर्षं आणि हप्ते सुरू होण्याआधीचं सवलतीचं एक वर्ष मिळून सरळव्याज 1 लाख 40 हजारांच्या आसपास होतं. ते मुद्दलात मिळालं की कर्ज 5 लाख 40 हजारांचं झालं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता 7,100 च्या घरात जातो. 15 हजारांच्या पगारात तो पेलणार नाही, तुझी भीती इथे बरोबर आहे.

पण घराचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना आहे. शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या मुदतीचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं मानांकन लागतं. मध्येच शिक्षण सोडणाऱ्याला मात्र हे अनुदान मिळत नाही. कॉलेज सोडू नकोस म्हणाले त्याचं हेही एक कारण. या आठवड्यात तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन शाखेत जा आणि आपलं खातं या योजनेत घेतलंय का, हे लेखी विचार. अनेक घरांत दाखला वेळेवर न दिल्यानेच हा पैसा बुडतो. अनुदान मिळालं तर मुद्दल 4 लाखांवर राहील आणि पंधरा वर्षांच्या मुदतीवर हप्ता 4,300 च्या आसपास येईल. तोही पगाराच्या मानाने जडच, पण निभावता येतो. नसेल मिळणार, तर निदान चौथ्या वर्षाची उचल जमेल तेवढी कमी ठेव.

एम. फार्मबद्दल माझं मत कडक आहे: जीपॅट, म्हणजे एम. फार्मची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा पास झालास तरच. जीपॅटवर मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) महिन्याला 12,400 रुपयांची छात्रवृत्ती असते, त्यात खोली-मेस निघते. जीपॅटविना, कर्ज काढून एम. फार्म केलंस तर दोन वर्षांनी याच रांगेत आणखी मोठा बोजा घेऊन उभा राहशील. सरांना नम्रपणे नाही म्हण.

पहिली नोकरी निवडताना हजारभर रुपयांपेक्षा विभाग बघ. वाळूज असो, तारापूर असो की गोव्यातलं वेर्णा, क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) एचपीएलसी या औषध तपासणीच्या यंत्रावर हात बसला की दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलताना तुझ्याकडे सांगण्यासारखं काही असतं. नुसत्या पॅकिंग लाइनवर ते नसतं. सरकारी औषध निर्माण अधिकारी किंवा एमपीएससीतून औषध निरीक्षक होण्याची इच्छा असेल तर अभ्यास नोकरी करतच कर. त्या जाहिराती कधी निघतील याचा नेम नसतो.

आणि वडिलांशी बोल, आकड्यांचा कागद समोर ठेवून. ते सहकर्जदार आहेत. तुझा हप्ता थकला तर नोंद त्यांच्या सिबिलवर होते, आणि पुढच्या पीककर्जाला बँक तेच बघते. त्यांना हे बँकेच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. त्यांना वाईट वाटेल. पण आजवर शेतीची कर्जं त्यांनीच काढली आणि फेडली आहेत, त्यांना तुझ्याहून जास्त समजतं.

बहिणीचं गणित तुझ्यापेक्षा वेगळं आहे. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. म्हणून सीईटीचा अभ्यास तिच्याकडून करून घे आणि लागू असतील ते जातीचे, नॉन-क्रिमिलेयरचे किंवा ईडब्ल्यूएसचे दाखले आत्तापासून काढायला लाव. कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या की तहसीलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. फार्मसीच का, हेही तिला एकदा विचार. तू करतोयस म्हणून म्हणत असेल तर सीनियरच्या पगाराचं तू मला लिहिलंस, ते सगळं आधी तिला सांग.